वारीत फोटो काढायला जाताय? कॅमेऱ्याआधी वही घ्या

आषाढी जवळ आली की नवीन पोरापोरींची विचारणा सुरू होते, कुठला कॅमेरा घेऊ, कुठली लेन्स घेऊ, मोबाईलवर भागेल का. भागतं, अगदी छान भागतं. पण फोटो बातमीचा व्हायचा असेल तर तो कोणाचा, कुठला, कधीचा हे त्याच्यासोबत आलं पाहिजे आणि मूळ फाईल जशी निघाली तशीच जपून राहिली पाहिजे, माझ्या मते लेन्सपेक्षा हे दोन्ही फार मोठं आहे म्हणून त्यावरच जास्त लिहितोय.

आदल्या रात्रीची कामं. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाईलच्या वेळेशी जुळवा, नाहीतर नंतर वहीतल्या नोंदी आणि फोटो यांचा मेळ लागत नाही. मोबाईलमधला ब्युटी मोड, एआयने सीन सुधारायचा पर्याय आणि पोर्ट्रेट मोड बंद करा, कारण तिथे मागचा धूसरपणा सॉफ्टवेअरने बनवलेला असतो, तो तुम्ही पाहिलेला नसतो. कॅमेरा असेल तर रॉ (सेन्सरची कच्ची फाईल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार केलेला नेहमीचा फोटो) दोन्ही सेव्ह होऊ द्या. जेपेगही हवं, कारण रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्येच आपल्या फ्रीलान्सरांना सांगून टाकलं होतं की रॉवरून तयार केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातूनच जेपेग निघालेले पाठवा. बाकी पावसासाठी प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि सुती फडकं, ते पण दोन घ्या, एक भिजतंच.

आता जागा. पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाटात सगळे वरच्या वळणावर उभे राहून खालची लांबच लांब रांग टिपतात. तुम्हीही काढा एक, पण मग खाली उतरा. माउलींच्या रथाला घाट चढायला जादा बैलजोड्या लावतात, ते जुंपण्याचं काम बघा, दोर धरलेले हात बघा, बैलांना आवाज देणारी माणसं बघा. आणि एकच दिंडी धरून दिवसभर तिच्यासोबत चाला, दुपारचं जेवण, पाय चोळणं, तंबू ठोकणं सगळं मिळतं आणि मुख्य म्हणजे संध्याकाळपर्यंत लोक तुमच्या कॅमेऱ्याकडे बघायचं सोडतात. परवानगी मागायला फार बोलावं लागत नाही, "माउली, फोटो काढू का?" एवढं पुरतं, नको म्हटलं तर खरंच नको. अंघोळीच्या आणि कपडे बदलायच्या जागी कॅमेरा पिशवीत, तिथे विचारायचंही नाही. आणि कोणाला परत एकदा पाया पडायला लावून फोटो घेऊ नका, तो मग घडलेल्या गोष्टीचा फोटो राहत नाही.

रिंगणाला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. दोन अश्व धावतात, एकावर पताका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा अश्व. कॅप्शनमध्ये ही अदलाबदल झाली तर वारकरी वाचक लगेच पकडतात आणि मग बाकीच्या माहितीवरचाही विश्वास जातो.

वहीत लिहायचं काय, तर व्यक्तीचं नाव त्यांनाच विचारून, गाव आणि तालुका, दिंडीचा नंबर आणि ती रथापुढची की रथामागची (दोन्हीकडे नंबर एकपासून सुरू होतात म्हणून नुसता नंबर कामाचा नाही), आणि वेळ. कॅप्शनचं पहिलं वाक्य फोटोत काय दिसतंय ते सांगतं, "दिवेघाटाच्या चढावर माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपताना वारकरी", दुसरं वाक्य संदर्भ देतं. भक्तीचा महासागर वगैरे लिहू नका प्लीज, त्यातून वाचकाला काही कळत नाही.

हे कॅप्शन फाईलच्या आतच भरायचं, त्याला डिजिकॅम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इथे मराठीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. फाईलच्या आत माहिती साठवायच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत ठिकाणाच्या रकान्याला फक्त ३२ बाइटची जागा आहे आणि युनिकोड देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट खातं. 'पंढरपूर' २१ मध्ये बसतं पण पहिलं उभं रिंगण जिथे होतं ते 'चांदोबाचा लिंब' ४० बाइट होतं, म्हणजे शेवट कापला जाणार. एक्सएमपी या नव्या पद्धतीत ही अडचण नाही, तिथेही माहिती जातेय ना ते सेटिंगमध्ये तपासा.

एडिटिंगमध्ये क्रॉप, थोडा उजेड-अंधार, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका, बस्स. चौकटीत आलेली पाण्याची बाटली पण पुसायची नाही. २०१४ मध्ये एपी या वृत्तसंस्थेने नार्सिसो कोन्त्रेरास या पुलित्झर मिळालेल्या फोटोग्राफरशी संबंध तोडले, कारण सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात दिसणारा सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्याने पुसला होता. आता तर हे मोबाईलवर बोटाने होतं म्हणून जास्त सांभाळायचं. आणि मूळ फाईल कधीच डिलीट करू नका. सेबॅस्टियन डिसोझा यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर कसाबचा फोटो काढला, तो पुढे कोर्टात पुरावा झाला, त्यांची साक्षही झाली. आपला कुठला फोटो कधी कोणाच्या कामी येईल हे काढताना ठरवता येत नाही, त्यामुळे तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.

शिकायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-तीन पेपरांचे ई-पेपर उघडा, त्याच दिवेघाटाचे फोटो शेजारी ठेवा आणि फोटोग्राफर कुठे उभा होता, किती जवळ होता, चौकटीबाहेर काय सोडलं हे लिहून काढा. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर मराठीतून फोटो आणि मजकूर सोबत वाचायला मिळतात, गावातल्या माणसाची ओळख कशी करून द्यायची ते तिथे नीट दिसतं.

पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नका, दाबून लहान होतो आणि आत भरलेली माहितीही उडते. डॉक्युमेंट म्हणून टाका किंवा मेल करा. मुक्कामाच्या गावात संध्याकाळी नेटवर्क गर्दीने बसतं, तेव्हा लांब बाजू २००० पिक्सेल करून निवडलेले पाच-सहाच आधी पाठवा, मोठ्या फाइली रात्री उशिरा.