आधी यादी पक्की, मग किल्ली: एन्क्रिप्टेड सौद्यांची बॅच कशी चालवावी

दलाल स्ट्रीटवर काम केलेल्यांना ही कल्पना नवी नाही. सकाळी ९ ला प्री-ओपन सुरू होतं, ऑर्डरी गोळा होतात आणि सगळ्यांना एकच भाव लागतो. ब्लॉकचेनवरही तेच करायचं, फक्त ऑर्डर बंद पाकिटात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या एन्क्रिप्टेड रूपात येते आणि ते उघडायला एक्स्चेंज नसतं; वेगवेगळे ऑपरेटर मिळून उघडतात. पाकीट हवंच. उघडी ऑर्डर दिसली की बॉट (आपोआप सौदे करणारा प्रोग्रॅम) तिच्या आधी खरेदी आणि लगेच मागे विक्री लावून मधला फरक खातो.

समजा ७ ऑपरेटर आहेत आणि पाकीट उघडायला ५ लागतात. किल्ली एकाने बनवून वाटू नका. ज्याने बनवली त्याच्याकडे ती राहतेच. सातही जणांनी मिळून ती अशी तयार करावी की प्रत्येकाकडे फक्त आपला तुकडा असेल. पाच जणांनी संगनमत केलं तर पाकिटं वेळेआधी उघडतील. तीन बंद पडले तर उघडणारच नाहीत. म्हणून तिघांचे सर्व्हर ऐरोलीच्या एकाच डेटा सेंटरमध्ये नकोत.

पाकिटं सारख्याच लांबीची करा, नाहीतर लांबीवरून ऑर्डरचा अंदाज येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता आत बांधा, नाहीतर दुसरा तेच पाकीट स्वतःच्या नावाने टाकेल. अनामत आधी घ्या. कचरा ऑर्डरींनी बॅच भरणाऱ्याला तेवढाच आळा बसतो.

सर्वात जास्त चुका पुढच्या टप्प्यात होतात. ठरलेल्या ब्लॉकला बॅच बंद झाली की यादीचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, चेनवर जातो. तो अंतिम होईपर्यंत, म्हणजे मागे फिरवता येणार नाही तोवर, तुकडा बाहेर काढायचा नाही. इथेरियमवर ब्लॉक १२ सेकंदांना येतो, पण अंतिम व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. घाईने तुकडे सोडले आणि ब्लॉक उलटला, म्हणजे चेनमधून बाद झाला, तर ऑर्डरी जगजाहीर होतात आणि बॅचमध्ये मात्र नसतात. एवढं थांबणं परवडत नसेल तर काही सेकंदांत अंतिम होणारी चेन निवडा. थांबणं गाळू नका. बॅचला एकच किल्ली असेल तर उशिरा आलेलं पाकीटही तिनेच उघडतं. ते पुढच्या बॅचमध्ये ढकलू नका, नव्याने एन्क्रिप्ट करून मागवा.

प्रत्येक तुकडा जोडण्याआधी तो खरा असल्याचा सोबतचा पुरावा तपासा. एक खोटा तुकडा मिसळला की निकाल निरर्थक येतो आणि दोषी कोण ते कळत नाही.

आता भाव. खरेदी: १०२ ला ४०, १०१ ला ३०, १०० ला ५०. विक्री: ९९ ला ६०, १०० ला २०, १०१ ला ४०. १०१ ला मागणी ७०, म्हणून सौदे ७०. १०० ला मागणी १२०, पुरवठा ८०, सौदे ८०. ९९ ला पुरवठाच ६०. सर्वात जास्त सौदे १०० ला, म्हणून भाव १००, सगळ्यांना तोच. वरचे दोन खरेदीदार पूर्ण भरतात, १०० वाल्याला ५० पैकी १० मिळतात. त्या भावाला अनेक जण असतील तर प्रमाणात वाटा, खाली पूर्णांक करा आणि उरलेलं पाकिटाच्या हॅशच्या क्रमाने द्या. दशांश अपूर्णांक वापरू नका: दोन मशीनवर शेवटचा अंक वेगळा आला तरी निकालाचा हॅश जुळत नाही, निकालावर ऑपरेटरांच्या पाच सह्या होत नाहीत आणि बॅच तिथेच अडकते.