जपानी विद्यार्थी घरी राहायला येणार असेल तर

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ, आणि तिकडून येणारे विद्यार्थीही अधूनमधून मराठी घरांत उतरतात. पाहुणचार आपल्याला शिकवावा लागत नाही. पण या पाहुण्याला ‘नको’ म्हणणं फार जड जातं, हे धरूनच सगळी तयारी करा.

येण्याआधी

संस्थेकडून ॲलर्जी, नेहमीची औषधं आणि रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर लेखी घ्या. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रतीही मागवा. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांत त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद (सी फॉर्म म्हणून ओळखली जाणारी) करायची असते, घरगुती यजमानानेसुद्धा.

जपानमधली घरगुती वीज 100 व्होल्टची, आपली 230. चार्जरवर ‘100-240’ लिहिलेलं असेल तर नुसता ॲडॅप्टर पुरतो. तिकडचा हेअर ड्रायर मात्र लावू देऊ नका, जळेल.

पहिल्या दिवशी

चपला दारात काढायच्या हे सांगावं लागणार नाही, त्यांच्याकडेही तेच आहे. बाथरूम मात्र नीट दाखवा: गीझर, बादली, तांब्या, जेट स्प्रे. टॉयलेट पेपर आणि झाकणाची कचरापेटी ठेवा. तिकडे बहुतेक जण रात्री अंघोळ करतात, तेव्हा झोपण्याआधी गीझर लावून द्या.

जेवताना

खरी कसोटी इथे आहे. ताटात टाकणं त्यांच्याकडेही वाईट मानतात. म्हणून पाहुणा मुकाट्याने ताट संपवतो, रिकामं ताट पाहून आपण आणखी एक पोळी वाढतो आणि तो तीही संपवतो. रात्री त्याचं पोट बिघडतं. पहिल्याच जेवणाला सांगा की आमच्याकडे हवं तेवढं आपलं आपण वाढून घ्यायचं. भांडी टेबलावर ठेवा, आणि घरातल्या आजींनाही आधी विश्वासात घ्या, कारण आग्रह त्यांचाच जास्त असतो. ‘आवडलं का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा ‘उद्या पिठलं करू की बटाट्याची भाजी?’ असं विचारा, खरी आवड कळेल.

तांदूळ इंद्रायणी घ्या. मावळातला हा मऊ, चिकट भात जपानी भाताच्या बराच जवळ जातो. वरण, तूप, कमी तिखटाचं थालीपीठ चालेल. मिसळ आणि ठेचा दुसऱ्या आठवड्यावर ढकला. जपानमध्ये नळाचं पाणी सर्रास पितात, म्हणून दात घासतानाही फिल्टरचंच पाणी वापरायला स्पष्ट सांगा.

बाहेर पडताना

जपानमध्ये 1957 नंतर प्राण्यांमधला रेबीज उरलेला नाही. त्यामुळे रस्त्यावरचं कुत्रं दिसलं की मुलं बिनधास्त हात लावतात. ही गोष्ट पहिल्याच दिवशी बजावा. चावलं किंवा ओरखडा आला तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबतीलच असं नाही, हेही सोबत चालून दाखवा.

दिवसाचा बेत कागदावर सोप्या इंग्रजीत लिहून द्या. अनेकांना ऐकण्यापेक्षा वाचलेलं लवकर कळतं. नऊ लिहिलं तर नऊलाच निघा.

घरची आठवण येऊन मूल गप्प झालं तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन जा. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. आणि आईवडिलांशी निवांत बोलायला वेळ ठरवून द्या: जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा संध्याकाळी साडेपाचला फोन लावला तर तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात.