बोअरचं पाणी, कुरळे केस आणि लीव्ह-इन कंडिशनर

आमच्या लातूरकडं बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर बसतं. मग कितीही भारी लीव्ह-इन (न्हाल्यावर लावून न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर) लावा, केस राठच. म्हणून आधी ईडीटीए (हे क्षार पकडून काढणारा घटक) असलेला शाम्पू अधूनमधून वापरायला लागले. निम्मं काम तिथंच झालं.

माझे केस दाट, कुरळे. अशा केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत नीट उतरत नाही, त्यामुळं टोकं आधी कोरडी पडतात. मला शिया बटर असलेलं घट्ट क्रीम मानवलं. धाकट्या बहिणीचे केस बारीक अन् सरळ. तेच क्रीम लावलं की तिचे केस तेलकट होऊन चिकटतात. तिला पातळ स्प्रेच बरा.

घेताना लेबल वाचाच, घटक साधारण जास्तीकडून कमीकडं लिहिलेले असतात. ग्लिसरीन फार वर असेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत माझे केस आणखीच रुक्ष होतात. तेव्हा डायमेथिकोनवालं (हे एक सिलिकॉन) घेते, ते ओल धरून ठेवतं.

न्हाल्यावर केस टिपून, ओलसर असतानाच थोडंसं लावायचं, टोकांकडून वर, टाळू सोडून. स्कूटीवर निघायचं असेल तर केस वाळल्यावरच स्कार्फ बांधा.