कोथिंबीर आधी, तुळस नंतर : शिकागोच्या अंगणातील लागवडीचे वेळापत्रक

शिकागोच्या परिसरात एप्रिलमधली पहिली उबदार दुपार आली की धणे पेरावेत आणि तुळशीचे रोपही बाहेर न्यावे असे वाटते. पण ही दोन्ही कामे एकाच दिवशी केली, तर त्यांतले एक चुकीच्या वेळी होते.

प्रथम आपल्या झिप कोडनुसार शेवटच्या फ्रॉस्टची, म्हणजे वसंतात दंव गोठवणाऱ्या शेवटच्या रात्रीची, सरासरी तारीख शोधावी. ही सरासरी असल्यामुळे साधारण निम्म्या वर्षी त्या तारखेनंतरही फ्रॉस्ट पडतो. म्हणून फ्रॉस्टची शक्यता १० टक्क्यांवर येते ती तारीखही वहीत नोंदवावी. हार्डिनेस झोनचा, म्हणजे कोणते झाड कुठल्या भागात हिवाळ्यात टिकेल हे सांगणाऱ्या विभागणीचा, आकडा येथे उपयोगाचा नाही, कारण तो हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाविषयी असतो.

कोथिंबीर आणि शेपू यांना थंडी मानवते. सरासरी तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी, माती भुसभुशीत होताच, धणे हलके रगडून थेट वाफ्यात पेरावेत. सोटमूळ असल्यामुळे या रोपांना उपटून दुसरीकडे लावलेले सोसत नाही. उन्हाळा तापला की कोथिंबीर लगेच फुलोऱ्यावर येते, म्हणून उशीर करण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरणी करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

तुळस आणि गवती चहा यांचे गणित उलटे आहे. तुळशीचे बी सरासरी तारखेच्या सहा आठवडे आधी घरातच, उजेडाच्या खिडकीत रुजवावे. मात्र रोप बाहेर लावताना केवळ फ्रॉस्ट टळला एवढे पुरत नाही. रात्रीचे तापमान सातत्याने १० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ५० अंश फॅरनहाइटच्या, वर राहू द्यावे, नाहीतर पाने काळी पडतात. त्यापूर्वी सात ते दहा दिवस रोपांना रोज थोडा अधिक वेळ बाहेरच्या हवेची सवय लावावी.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री विशेष सावध राहावे. अंदाजात २ अंश सेल्सिअस म्हटले असले, तरी जमिनीलगतची हवा त्याहून थंड असते आणि दंव गोठू शकते. अशा संध्याकाळी नाजूक रोपांवर जुनी चादर जमिनीपर्यंत पसरावी आणि सकाळी ती काढावी.

शरद ऋतूत हेच गणित पहिल्या फ्रॉस्टपासून मागे मोजावे : कोथिंबिरीची शेवटची पेरणी त्याच्या सहा-सात आठवडे आधी करावी, आणि कढीपत्त्याची कुंडी फ्रॉस्टची वाट न पाहता रात्री १० अंशांकडे उतरू लागताच घरात घ्यावी.