मुलांना घेऊन चार दिवस सिंगापूरला चाललात? मग या चुका टाळा

सिंगापूरचे फॅमिली प्लॅन बघितले ना, की सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात. पहिल्या दिवशी सेंटोसा बेट, दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओचं थीम पार्क, तिसऱ्या दिवशी सकाळी झू आणि रात्री नाइट सफारी, म्हणजे रात्री उघडणारं प्राणिसंग्रहालय, मधे वेळ मिळाला तर मरलायनचा पुतळा आणि शॉपिंग. कागदावर हे बसतंही, कारण शहर छोटं आहे आणि मेट्रो, म्हणजे तिथली एमआरटी, वेळेवर येते. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला ते झेपत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुपार भरून ठेवणं. हे शहर विषुववृत्तापासून जेमतेम दीडेकशे किलोमीटरवर आहे, तिथे थंडीचा सीझन वगैरे काही नसतो, वर्षभर दुपारी ३१-३२ डिग्री आणि दमट हवा इतकी की घाम वाळतच नाही. त्यात दुपारी कधीही ढग भरून येतात आणि विजांसकट धो धो पाऊस पडतो. पाऊस एकवेळ परवडला, पण विजांचा इशारा आला की उघड्यावरच्या राइड्स आणि पाण्याचे खेळ बंद करतात, मग तिकिटाचे पैसे भरून आडोशाला उभं राहायचं आणि पोरं विचारणार, कधी चालू होणार, कधी चालू होणार.

म्हणून दिवसाचे तीन तुकडे करा. झू सकाळी साडेआठला उघडतं, तेव्हा गेटवर हजर राहा, बारा-साडेबाराला बाहेर पडा, दुपारी हॉटेलवर झोप, आणि साडेचारनंतर परत बाहेर. अंधार वर्षभर सातच्या सुमाराला पडतो त्यामुळे संध्याकाळ भरपूर मिळते. गार्डन्स बाय द बे या बागेतला सुपरट्रीचा, म्हणजे उंच कृत्रिम झाडांचा, लाइट शो पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट आहे, पावणेआठचाच बघा, दुसऱ्या शोपर्यंत पोरं खांद्यावर झोपलेली असतात. दुपारी बाहेर राहायचंच असेल तर त्याच बागेतलं काचेखालचं क्लाउड फॉरेस्ट, सायन्स सेंटर असं काहीतरी छपराखालचं धरा. फक्त क्लाउड फॉरेस्ट मेंटेनन्ससाठी अधूनमधून बंद असतं, तारीख आधी बघून ठेवा.

झू आणि नाइट सफारी एकाच दिवशी हा मोह सगळ्यांनाच होतो कारण दोन्ही मंडाईलाच आहेत, शेजारी शेजारी. पण झू सहाला बंद होतं, सफारी सव्वासातला सुरू, मधला वेळ दमलेल्या पोरांना घेऊन काढायचा आणि मग ट्राममध्ये बसल्या बसल्या ती झोपणार, वाघ बघणार आईबाबा. सफारीला वेगळा दिवस द्या, त्या दुपारी पोराला नीट झोपवा. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर माझ्या मते सफारी सोडूनच द्या. आणि मंडाई शहराच्या उत्तरेला आहे, एमआरटी आणि पुढे बस धरून तासभर सहज जातो, तो हिशेबात धरा.

पहिल्या दिवसाचं पण तसंच. रात्रीचं विमान पकडून सकाळी उतरायचं, म्हणजे एक दिवस वाचतो असं वाटतं, पण सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, झोप अर्धी, आणि हॉटेलचं चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनला. अशा दिवशी युनिव्हर्सलचं महागडं तिकीट लावायचं म्हणजे पैसे वाया. शिवाय तिथे बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते, घरीच पोराची उंची मोजा आणि साइटवर बघून घ्या, नाहीतर रांगेच्या तोंडाशी रडारड. पहिल्या दिवशी बॅगा हॉटेलात ठेवून गार्डन्स बाय द बे मधल्या चिल्ड्रन्स गार्डनला जा, पाण्यात खेळायला मिळतं, तिकीट नाही, सोमवारी मात्र बंद असतं. पोहायचे कपडे चेक-इन बॅगेच्या तळाशी नको, हातातल्या बॅगेत ठेवा.

त्याच बॅगेत एक कोरडा जोड आणि पातळ जॅकेट पण. बाहेर घामाने निथळायचं आणि आत मॉलमध्ये, मेट्रोत कडक एसी, मुलं आजारी पडतात ती बहुतेक यानेच असं आपल्याकडच्या आया सांगतात, डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत पण ओला शर्ट बदलल्याने नुकसान तर काही नाही. पाणी विकत घेत बसू नका, नळाचं पिता येतं. डेंग्यू तिथेही आहे, मच्छरांचं क्रीम दिवसाही लावायचं.

प्रवासात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला अ‍ॅपवरून बोलावलेल्या प्रायव्हेट गाडीत चाइल्ड सीट लागते, नसेल तर ड्रायव्हर नाही म्हणतो, आणि पावसात सामानासकट उभं राहावं लागतं. नेहमीच्या टॅक्सीला यातून सूट आहे, तेव्हा अ‍ॅपमध्ये टॅक्सी निवडा किंवा स्टँडवर जा. मेट्रोत ९० सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट, पण मेट्रोत खाणं-पिणं बंद, पोराच्या हातातलं बिस्किट आधी संपवा, दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत आहे.

खाऊ भरताना अनारसे राहू द्या, कारण खसखस सिंगापूरमध्ये न्यायला बंदी आहे, हे खरंच कोणी सांगत नाही. कोडीनवाला कफ सिरपही परवानगीशिवाय नको. बाकी ताप, ओआरएस, उलटीचं औषध प्रिस्क्रिप्शनसकट घ्या. अँब्युलन्सचा नंबर ९९५.

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, सांबल चटणीत कोळंबीची पेस्ट असते, रश्शात मासा, स्पष्ट विचारा. पोरं अडूनच बसली तर लिटिल इंडियात इडली-डोसा आहेच.

तारखा ठरवताना, तिथल्या शाळांना सुट्टी जवळपास अख्खा जून असते, म्हणून आपली मेची सुट्टी सोयीची, आणि तीही मंगळवार ते शुक्रवार. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधीच्या ३० दिवसांतच करतात, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे उतरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, शेवटच्या तीन दिवसांत भरायचं, तान्ह्या बाळाचंही वेगळं, आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर चेकआउटनंतर शहरात बॅगा ओढत फिरू नका, दुपारीच चांगी विमानतळावर जा आणि तिथल्या ज्युएल मॉलमधला ४० मीटरचा धबधबा तेव्हा बघा, सकाळी लवकर तो बंद असतो.