दुसरी टर्म कशी काढायची: खुर्चीत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांसाठी

समजा तुम्ही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आहात, तीन वर्षं झालीत, लोक वैतागलेत, नोकऱ्यांची बोंब आहे आणि पुढच्या नोव्हेंबरात परत मतं मागायला जायचंय. ओबामाने २०१२ ला काय केलं ते बघा. बेरोजगारी तेव्हा ८ टक्क्यांच्या आसपास होती, एवढ्या बेकारीत परत निवडून येणं अवघड असं भलेभले सांगत होते, आणि तरी गडी ३३२ विरुद्ध २०६ इलेक्टोरल मतांनी (राज्याराज्यांतून मिळणारी ही मतंच निकाल ठरवतात, एकूण ५३८) आला.

आधी घर सांभाळा. आपल्याच पक्षातला कोणी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आतल्या निवडणुकीत, तुमच्या विरोधात उभा राहिला की अर्धं काम तिथंच बिघडतं. १९७६ ला फोर्डसमोर रेगन, १९८० ला कार्टरसमोर टेड केनेडी, १९९२ ला थोरल्या बुशसमोर ब्यूकॅनन, तिघांनी प्रायमरी काढली आणि तिघेही नोव्हेंबरात पडले. ओबामासमोर दमदार असं कोणीच उतरलं नाही. शिवाय कुरकुरणाऱ्यांना त्याने वेळेत काहीतरी दिलं, ९ मे ला समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला, १५ जूनला लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागद नसलेल्या पोरांना हाकलायचं नाही अशी पॉलिसी आणली. मतांसाठी केलं का? अर्थात केलं, पण विरोधक नुसता बोलू शकतो, तुम्ही सहीने करून दाखवू शकता, खुर्चीचा फायदा म्हणतात तो हाच.

आता खरं काम. खुर्चीत बसलेल्याची निवडणूक आपोआप त्याच्याच निकालपत्रासारखी होते. १९८० च्या डिबेटमध्ये रेगनने लोकांना एवढंच विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का, आणि कार्टरला शेवटी ४९ इलेक्टोरल मतं पडली. तुमच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येत असेल तर उत्तर रंगवत बसू नका, प्रश्नच बदला. दगडापेक्षा वीट मऊ, बस्स. आपण वीट आहोत हे मनातल्या मनात मान्य करायचं आणि समोरचा दगड आहे हे लोकांच्या डोक्यात बसवायचं, तेही लवकर.

लवकर म्हणजे मे-जूनमध्येच. ओबामासमोरच्या रिपब्लिकन रॉमनीची तिजोरी प्रायमरीत रिकामी झालेली, आणि मुख्य निवडणुकीसाठी गोळा केलेल्या पैशाला ऑगस्टअखेर पक्षाच्या अधिवेशनात अधिकृत उमेदवारी मिळेपर्यंत हात लावता येत नव्हता. नेमक्या त्याच गॅपमध्ये ओबामाच्या लोकांनी जाहिरातींचा मारा केला, की हा बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीवाला, कंपन्या विकत घेतो, माणसं काढतो, स्वतः कमावतो. पुढे सप्टेंबरमध्ये तो '४७ टक्के'वाला चोरून काढलेला व्हिडिओ आला, सरकारवर अवलंबून असलेले ४७ टक्के लोक काही केलं तरी ओबामालाच मत देणार असं रॉमनी श्रीमंत देणगीदारांना सांगतोय, तेव्हा साचा आधीच तयार होता. माझ्या मते त्या जाहिराती नसत्या तर लोक आठ दिवसांत विसरले असते.

सगळीकडे फिरू नका. जिंकायला २७० इलेक्टोरल मतं लागतात, आणि बऱ्याच राज्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो. न्यू जर्सीत आपली एवढी मराठी मंडळी आहेत पण २०१२ ला तिथं मतं मागायला कोणी फिरकत नव्हतं, डेमोक्रॅटांचं (ओबामाच्या पक्षाचं) घरचंच राज्य ते. ओहायो मात्र तेव्हा लाडका, कारण निकाल कुठंही झुकू शकत होता. तिथं गाड्यांच्या धंद्यावर जगणारी घरं खूप, ओबामा सरकारने जीएम (जनरल मोटर्स) आणि क्रायस्लर या गाड्यांच्या कंपन्यांना पैसे देऊन वाचवलेलं, आणि रॉमनीच्या २००८ च्या लेखाचं हेडिंग होतं 'डेट्रॉइटचं दिवाळं निघू द्या', डेट्रॉइट म्हणजे हाच गाड्यांचा धंदा. ते हेडिंग बिचाऱ्याने नाही, पेपरवाल्यांनी दिलं होतं, पण प्रचारात कोण ऐकतंय!

पैशाचं थोडक्यात सांगतो, ईमेल पाठवा आणि पाठवायच्या आधी थोड्या लोकांवर ट्राय करा. माझ्यापेक्षा समोरचा जास्त पैसा ओतणार अशा रडक्या विषयाच्या एका ईमेलने २६ लाख डॉलर आणले होते.

डिबेटला मात्र गाफील राहू नका. चार वर्षं आजूबाजूचे सगळे 'हो साहेब' करत असतात, तोंडावर बोललेलं ऐकायची सवयच जाते, म्हणून पहिली डिबेट घाण होते. रेगनची १९८४ ला झाली, धाकट्या बुशची २००४ ला, ओबामाची ३ ऑक्टोबरला डेन्व्हरमध्ये. तिघेही नंतर सावरले. रेगन तेव्हा ७३ चा होता, दुसऱ्या डिबेटमध्ये म्हणाला की प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा घेणार नाही, आणि समोरचा मॉन्डेलसुद्धा हसला.

आणि ऐनवेळी संकट आलं तर प्रचार सोडून कामाला लागा. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ धडकलं, ओबामाने सभा रद्द केल्या, ३१ तारखेला न्यू जर्सीत जाऊन रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टीबरोबर पडझड बघत फिरला आणि ख्रिस्टीने त्याचं तोंडभर कौतुक केलं. मतं मागायला ज्या राज्यात जायची गरजच नव्हती तिथं गेला, मतं मागितली नाहीत, आणि तो फोटो ओहायोतल्या टीव्हीवरही दिसला.