रूट भरला, पण मोकळी जागा स्वॅपच्या पलीकडे

घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टीम असलेला भाग, ३० जीबीचं; अपडेट करताना ते काठोकाठ भरलं. डिस्कवर मोकळी जागा होती, पण मध्ये स्वॅप (रॅम कमी पडली की वापरला जाणारा डिस्कचा भाग) आडवा. पार्टिशन लहान-मोठं करणाऱ्या जीपार्टेड या प्रोग्रॅमला फक्त लगतची जागा जोडता येते.

आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली. हे टाळू नकाच! ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) प्रकारचं पार्टिशन चालू सिस्टीममध्येही वाढवता येतं, पण मला लाइव्ह पेनड्राइव्हच (त्यावरूनच लिनक्स सुरू होतं) खात्रीचा वाटतो. लाइव्ह सेशननेही स्वॅप वापरायला घेतला होता; नावाशेजारी किल्लीचं चिन्ह दिसत होतं. राइट क्लिक करून 'स्वॅपऑफ' केल्यावर किल्ली गेली. मग स्वॅप डिलीट, रूट उजवीकडे ओढून मोठं आणि शेवटी ४ जीबीचा नवा स्वॅप. हिरवी टिकखूण दाबेपर्यंत डिस्कवर काहीच बदलत नाही, त्यामुळे खालची यादी निवांत वाचून घेतली.

खरी गोम पुढे आहे. नव्या स्वॅपचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा असतो. सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच राहिला, तर बूट होताना मशीन दीड मिनिट त्या पार्टिशनची वाट बघत बसतं. जीपार्टेडच्या 'इन्फर्मेशन' खिडकीतून नवा यूयूआयडी कॉपी करून एफएसटॅबमध्ये टाकला, रीस्टार्ट केलं. लॅपटॉप झटकन सुरू झाला, अडलेले अपडेटही पूर्ण झाले.